सतरा मिनिटांचं स्वागत

आमच्या मंडळाचा कॉम्प्युटर बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत सतरा मिनिटं घ्यायचा. ही सतरा मिनिटं मी स्वतः मनगटावरच्या घड्याळात मोजलेली आहेत. विरोधक वीस म्हणतात. विरोधकांची घड्याळं कशी आहेत, ते सगळ्या महालाला ठाऊक आहे.

मंडळ म्हणजे विणकर समाज वधू-वर सूचक मंडळ, महाल, नागपूर. आणि मी त्याचा सचिव, मनोहरराव. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता हा माणूस घरी बसेल. पण तीस वर्षं फायली चालवलेला माणूस घरी बसला की तो डाळीच्या डब्यांना नंबर घालायला लागतो. सतराव्या डब्याला शामलानं, म्हणजे माझ्या सौभाग्यवतीनं, स्वतः माझा अर्ज लिहून मंडळात नेऊन दिला.

कॉम्प्युटर आणावा ही कल्पना माझी. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण मंडळाच्या अहवालात ते कुठेही आलेलं नाही. यंत्र दिलं शालिकरामजींनी, वडिलांच्या स्मरणार्थ. इतवारीत त्यांचं सुताचं मोठं दुकान आहे. धरमपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासची प्रमोदिनी नावाची मुलगी महिनाभर येऊन बसली आणि तिनं आमच्या अकरा वह्यांमधली आठशे स्थळं त्या पेटीत भरली. मग प्रश्न आला की वह्यांचं काय करायचं. रद्दीत द्याव्यात तर त्यांत लोकांच्या लेकींची नावं, जन्मवेळा, उंची, रंग. उद्या भज्याच्या पुडीवर कोणाची मुलगी निघाली म्हणजे? तेव्हा वह्यांचं रीतसर विसर्जन करावं, असा ठराव मीच मांडला. आम्ही मेटॅडोर करून कन्हानला गेलो, वह्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि त्या नदीत सोडल्या. मार्च महिना होता, पाणी गुडघाभर. वह्या बुडेनात. शेवटी आमचे अध्यक्ष चंपतराव धोतर खोचून त्यांच्यावर उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांना सद्गती मिळाली. आता आठशे स्थळं जगात फक्त एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण सुरू व्हायला सतरा मिनिटं घेत होतं.

एप्रिलपर्यंत याचं कोणाला काही वाटलं नाही. उलट लोक खुर्च्या ओढून बघायला बसत. पण सत्त्याऐंशीचा मे लागला आणि लाइन जायला लागली. उन्हाळ्यात लाइन जाणं नागपूरला नवीन नाही, पण त्या वर्षी ती पाहुणीसारखी यायची. दहा मिनिटं टेकायची, पंखा दोन गिरक्या घ्यायचा, की चालली. आणि लाइन गेली की कॉम्प्युटर बंद. आली की पुन्हा पहिल्यापासून. आमची खोली शाळेच्या आवारात, ती उघडी सकाळी दहा ते एक. स्थळं बघायला लोक येणार रविवारी. म्हणजे मे महिन्यातल्या पहिल्या दोन रविवारी यंत्रानं आमचं पाच वेळा अर्धवट स्वागत केलं आणि स्थळ एकही दाखवलं नाही.

त्या दोन्ही रविवारी एक बाई बाकाच्या टोकाला बसून होती. पंचफुलाबाई. उमरेडच्या पुढच्या एका खेड्यातून सकाळच्या बसनं यायची आणि बारा वाजताच्या बसनं परत जायची, कारण त्यानंतरची बस थेट संध्याकाळी. नवरा नाही, घरात एक माग, आणि मॅट्रिक झालेली मुलगी, देवकी. दुसऱ्या रविवारी लाइन गेल्यावर ती उठली आणि माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, एक सांगू का? माह्या दिरानं एक बिजवर आणला हाय. चाळिशीचा हाय. त्यानं पंधरा दिवसांची मुदत देली. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी त्याले हो नाही तं नाही सांगा लागते."

"मग नाही सांगा," मी म्हणालो.

"कशाच्या भरवशावर नाही म्हणू? रिकाम्या हातानं नाही म्हटलं तं दीर म्हणते, बाई माजली. हाती दुसरी चार नावं असली तं तोंड उघडता येते. तुमी नुसती यादी द्या. बाकीचं मी पाहून घेतो."

मी तिला म्हणालो, "पुढच्या रविवारी यादी तुमच्या हातात असेल." हे म्हणताना मी छाती थोडी पुढे काढली होती, असं शामला म्हणते. ती तिथे नव्हती, पण तिचा अंदाज बरोबर आहे.

घरी आल्यावर शामला म्हणाली, "त्यात काय एवढं? मधल्या वारी लाइन असली का छापून ठेवा आणि देऊन टाका तिले."

बायकांना घटना ठाऊक नसते. आमच्या मंडळाच्या घटनेतला नववा नियम असा की, यादी पालकाच्या डोळ्यांसमोरच काढली पाहिजे. याला कारण आहे. पूर्वीचे एक सचिव चांगली स्थळं वहीच्या मागच्या पानावर लिहीत आणि आपल्या भाच्यांना देत. त्यांच्या सातही भाच्या इंजिनियरांकडे पडल्या, तेव्हा समाजात बोभाटा झाला. आधी काढून ठेवलेली यादी दिसली की लोक ती उजेडात धरून बघतात. पंचफुलाबाईंच्या दिरानं तर ती फाडूनच टाकली असती. आणि नववा नियम मीच लिहिलेला होता. तो मोडून मी कोणत्या तोंडानं सचिव राहणार? तेव्हा एकच मार्ग उरला. कॉम्प्युटरला लवकर उठायला शिकवायचं.

आमच्या शेजारी बाबूलाल राहतात. सीताबर्डीला त्यांचं कूलर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे आणि जगातला प्रत्येक बिघाड गरमीमुळे होतो, असं त्यांचं मत आहे. त्यांच्या मुलाला गणितात अठरा मार्क पडले तेव्हाही त्यांनी त्याच्या खोलीत कूलरच लावला होता.

"मनोहरभाऊ, तुमची मशीन तापून राहिली," ते पेटी न बघताच म्हणाले. "तापली का डोकं चालत नाही. त्याले हवा पायजे. उद्या कूलर आणतो, दोन मिनटात भागते का नाही पाहा."

मंगळवारी ते हातगाडीवर कूलर घेऊन आले. नवी खस लावलेली, टाकी काठोकाठ. खोलीत असा काही गारवा पसरला की शाळेचा शिपाई येऊन आमच्या खोलीत झोपला. कॉम्प्युटरनं सतरा मिनिटंच घेतली. फरक एवढाच की खसमधून उडालेलं पाणी कीबोर्डात गेलं आणि काही कळा दाबल्यावर वर येईनात. मी पेटीला काही विचारण्याआधीच ती स्वतःहून शेकडो वेळा 'ज' लिहू लागली. बाबूलाल म्हणाले, "पाहा, काम कराले लागली ना!" कीबोर्ड दोन दिवस आमच्या गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत होता. शामलानं त्यावर कावळे बसू नयेत म्हणून काळी छत्री धरून ठेवली, हे तिचे उपकार मी विसरणार नाही.

गुरुवारी मी बर्डीच्या पुस्तकाच्या दुकानात उभा राहून एक इंग्रजी पुस्तक चाळलं. त्यात लिहिलं होतं की यंत्राच्या एका फायलीत 'बफर्स' नावाचा आकडा असतो, तो वाढवला तर यंत्र चपळ होतं. आमच्या पेटीत तो आकडा दहा होता. मी हेडक्लार्क माणूस. मागणी करायची तर भरघोस करावी म्हणजे वरून कापून तरी पुरेशी मिळते. मी नव्व्याण्णव घातले. परिणाम असा झाला की सतरा मिनिटांनंतर यादीचा प्रोग्राम उघडायला गेलो, तर यंत्रानं इंग्रजीत कळवलं की स्मरणशक्ती पुरेशी नाही. खोलीत त्या वेळी चंपतराव होते. त्यांनी तो मजकूर वाचून माझ्याकडे इतक्या सहानुभूतीनं पाहिलं की मी तो आकडा पुन्हा दहा करून घरी निघून आलो.

शुक्रवारी धरमपेठेला प्रमोदिनीकडे गेलो. गेलं पाहिजे होतं पहिल्याच दिवशी, पण बावीस वर्षांच्या मुलीला विचारणं आणि तिनं उत्तर देणं, या दोन्ही गोष्टींची सवय आमच्या पिढीला नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक लांबलचक कागद काढला. "काकाजी, मशीनले फक्त दीड मिनिट लागते. बाकी साडेपंधरा तुमचे लोक घेऊन राहिले."

तो कागद म्हणजे एका फायलीची नक्कल होती. यंत्र सुरू झालं की ते आधी ही फाइल उघडतं आणि तिच्यात लिहिलेली कामं एकेक करून, एकही न चुकवता, पार पाडतं. महिनाभर प्रमोदिनी आमच्याकडे येत होती तेव्हा ज्यानं त्यानं तिला बाजूला घेऊन आपापलं काम सांगितलं होतं, आणि तिनं ते निमूटपणे लिहून दिलं होतं. सुरुवातीला फुल्याफुल्यांचा गणपती, तो सोंडेपासून सावकाश उमटणार. मग शालिकरामजींच्या वडिलांचा जीवनपट, बावीस ओळी, वाचायला वेळ मिळावा म्हणून ओळीओळीला थांबून. मग अध्यक्ष चंपतरावांचे स्वागतपर दोन शब्द, जे दोनशे होते. त्यानंतर यंत्र थांबून आजची तिथी विचारणार. ती चंपतरावांनी पंचांगात बघून टाइप केल्याशिवाय पुढे सरकणार नाही. मग महिला शाखेच्या प्रमुख तुळजाबाई यांच्या इच्छेनुसार सनई. त्या पेटीला सनई म्हणजे काय ठाऊक. ती ट्रक मागे घेताना वाजतो तसा आवाज तीन मिनिटं काढायची आणि तुळजाबाई डोळे मिटून मान डोलवायच्या. मग त्रेसष्ट आजीव सदस्यांची नावं, दर दहा नावांनंतर कळ दाबून.

"आणि हे शेवटचं काय आहे?" मी विचारलं.

"ते तुमचं हाय ना काकाजी."

होतं खरं. चारी बाजूंनी फुल्यांची महिरप आणि मधोमध, 'या उपक्रमाची मूळ कल्पना : श्री. मनोहरराव, मानद सचिव.' त्याच्या पुढे एक मिनिट विश्रांती. "तिथे थोडं थांबव बाई, लोकांना नीट वाचता यावं," असं मीच तिला सांगितलं होतं. आठवल्यावर मला कानाशी गरम झालं. पंचफुलाबाई बाकावर बसून ज्या सतरा मिनिटांची वाट बघत होती, त्यातलं एक अख्खं मिनिट माझं होतं.

"काढून टाक सगळं," मी म्हणालो.

"लेखी द्या. आमचे सर म्हणतात, मंडळाचा कागद असल्याबिगर हात लावायचा नाही. मागं गणपतीची सोंड डावीकडची उजवीकडे केली तं चार जण भांडाले आले होते."

आता लेखी म्हणजे ठराव, ठराव म्हणजे सभा, आणि सभा म्हणजे नोटीस. देणगीत मिळालेल्या वस्तूत बदल करायचा तर दात्याची संमती आणि सात दिवसांची नोटीस, हा चौदावा नियम. तोही दुर्दैवानं माझाच. रविवार परवावर आलेला. मी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडायचं ठरवलं. शनिवारी सकाळी, लाइन वीस मिनिटं टिकली त्या वेळात, ती फाइल स्वतःच्या हातानं पुसून टाकली. गणपतीला मनातल्या मनात नमस्कार केला. वडिलांच्या जीवनपटाला केला नाही, आणि तिथेच चुकलो, असं नंतर शालिकरामजींचं म्हणणं पडलं.

रविवारी दहा वाजता सगळी कार्यकारिणी हजर होती. पंचफुलाबाई बाकावर होती. आणि लाइन होती! मी बटण दाबलं. दीड मिनिटात पेटी तयार. पडदा स्वच्छ, कोपऱ्यात एक चौकोनी ठिपका लुकलुकतोय. मी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि यादीच्या प्रोग्रामचं नाव टाइप केलं. पेटीनं उत्तर दिलं की हा हुकूम चुकीचा आहे. पुन्हा केलं. पुन्हा चुकीचा. मी सावकाश टाइप केलं, जोरात टाइप केलं, एका बोटानं, दोन बोटांनी. त्रेसष्ट नावं आणि सनई यांच्या गर्दीत प्रमोदिनीची स्वतःची एकच ओळ होती, जी यंत्राला सांगायची की यादीचा प्रोग्राम कुठे ठेवलाय. गर्दी हाकलताना मी घरधनीणच बाहेर काढली होती.

त्या दिवशी लाइन दहा ते एक, तीन तास, एकदाही गेली नाही. संपूर्ण मे महिन्यात असं एकदाच झालं.

शालिकरामजी काळवंडले. "माह्या बाबाचं नाव कुठी गेलं?"

तुळजाबाई म्हणाल्या, "सनई काहून नाही वाजून राहिली? लग्नाचं मंडळ हाय का कोर्ट हाय?"

चंपतराव हातात पंचांग उघडं धरून उभे होते. त्यांना तिथी विचारायला कोणी उरलं नव्हतं. ते म्हणाले, "मनोहरराव, हे पुसणं दुरुस्तीत बसते का बदलात, हे पहिले ठरवा लागते."

पावणेबाराला पंचफुलाबाई उठली. मला वाटलं ती चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "भाऊ, तुमी तं लय मेहनत करून राहिले. येतो मी. पुढच्या रविवारी दिरालेच घेऊन येतो, मुदत सोमवारचीच हाय." आणि चप्पल घालून गेली. मला फार वाईट वाटलं. ज्या अकरा वह्या मी नदीत बुडवल्या, त्यातली एक जरी असती, तरी ती बाई अशी हात हलवत गेली नसती.

बुधवारी तातडीची सभा भरली; तिला तीन दिवसांची नोटीस पुरते. विषय एकच : संगणकाच्या प्रारंभिक कार्यक्रमात काटकसर करणे. सभेत विलक्षण एकमत होतं. प्रत्येकाचं म्हणणं की काटकसर झालीच पाहिजे आणि ती दुसऱ्याच्या मजकुरात झाली पाहिजे. शालिकरामजींना सनई नको होती. तुळजाबाईंना जीवनपटातल्या बालपणाच्या नऊ ओळी जास्त वाटत होत्या. चंपतराव म्हणाले की आजीव सदस्यांची नावं आडनावावरूनच ओळखू येतात, तेव्हा पहिली नावं गाळावीत. त्रेसष्टांपैकी सव्वीस आजीव सदस्य सभेत हजर होते. पुढची वीस मिनिटं मी इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं आहे.

शेवटी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सुरुवात माझ्यापासून करा. माझं नाव आणि महिरप काढून टाका." हा ठराव ताबडतोब, टाळ्यांच्या गजरात, एकमतानं मंजूर झाला. त्या सभेत मंजूर झालेला तो एकमेव ठराव. टाळ्या जरा कमी वाजल्या असत्या तरी मला चाललं असतं.

मग तुळजाबाई आभारप्रदर्शनाला उभ्या राहिल्या. त्यांनी चिठ्ठी उघडली आणि 'सर्वप्रथम' म्हणताच सभा उठली. नेहमीचंच होतं हे. कोणी चपला शोधतोय, कोणी पाणी पितोय, शिपाई सतरंजी ओढतोय आणि तुळजाबाई एकेक नाव घेऊन आभार मानताहेत. मी इतिवृत्त लिहायचं म्हणून एकटाच बसून होतो. तेवढ्यात शालिकरामजी दारातून परत वळून मला म्हणाले, "माह्या बाबाचं नाव घेतलं ना बाईनं?" मी म्हणालो, घेतलं. "बस, झालं मंग," म्हणून ते समाधानानं गेले.

मी पेन खाली ठेवलं. तीस वर्षांत शेकडो सभांना बसलो, पण ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. स्वागत लांबलं की लोक अडकतात, कारण सभा पुढे असते. आभार कितीही लांबोत. कोणाचं काही अडत नाही, कोणी ऐकत नाही, आणि तरी नाव घेतलं गेलं एवढ्यावर माणूस तृप्त होऊन घरी जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढून एकेकाच्या घरी गेलो. चंपतरावांना म्हणालो, "अध्यक्षसाहेब, स्वागत काय, कोणीही करतं. समारोप मोठ्या माणसानंच करावा. तुमचं भाषण आणि तिथी आम्ही शेवटी घेतो." ते म्हणाले, "शेवटी हाय तं मंग थोडं वाढवू का?" मी म्हणालो, वाढवा. शालिकरामजींना म्हणालो, तुमच्या वडिलांचे मंडळ रोज जाहीर आभार मानणार. त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी आजोबाही घाला म्हटलं. मी उदारपणे होकार दिला. तुळजाबाईंना सनईनंतर चौघडाही हवा होता. मी म्हणालो, चौघडाच काय, बँड लावा. प्रत्येकानं संमतीवर आणि सात दिवसांच्या नोटिशीच्या माफीवर सही केली आणि प्रत्येकाचा मजकूर दीडपट झाला. मला सव्वीस आजीव सदस्यांनी चहा पाजला. घटनेतल्या सगळ्या नियमांचं पालन करून एखादं काम इतक्या वेगानं झाल्याचं मी माझ्या नोकरीतही पाहिलेलं नाही.

शनिवारी प्रमोदिनी सह्यांचा गठ्ठा बघून हसली. तिनं सुरुवातीच्या फाइलीत फक्त आपली एक ओळ ठेवली आणि बाकी सगळी वरात 'आभार' नावाच्या दुसऱ्या फाइलीत नेली. एक वाजता खोली बंद करताना ती लावायची आणि निघून जायचं. आभार चोवीस मिनिटांचे झाले. त्या दिवशी आम्ही ते लावून पाहिले. सदस्य पहिल्या दोन ओळींना उभे राहिले आणि मग एकेक करून चपला शोधू लागले.

"आणि लाइन गेली तं?" चंपतरावांनी विचारलं.

"तर सभा तहकूब समजायची," मी म्हणालो. त्यांना ते पटलं.

रविवार उजाडला. दहाला खोली उघडली, तर लाइन नाही. साडेदहा, नाही. अकरा, नाही. पंचफुलाबाई आली होती आणि तिच्या शेजारी तिचा दीर. पांढरी टोपी, मिशा, दोन्ही हात काठीवर. तो मला म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, याद्या घरी बनवून आणता म्हणे तुमी?" मी त्याला नववा नियम म्हणून दाखवला. तो म्हणाला, "पाहू." त्याच्या 'पाहू'वरून मला तो बिजवर डोळ्यांसमोर दिसायला लागला.

सव्वाअकरा झाले. बाबूलाल रिकाम्या कूलरला टेकून मला धीर देत होते. साडेअकरा. पंचफुलाबाईनं पिशवी मांडीवर घेतली. पावणेबाराला निघाली नाही तर बस चुकणार, आणि बस चुकली नाही तर सगळंच चुकणार. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. अकरा वाजून चौतीस मिनिटांनी डोक्यावरचा पंखा कुरकुरला.

मी बटण दाबलं. चंपतराव सवयीनं पुढे आले आणि घसा साफ केला. ते खाकरून होईतो पेटी तयार होती. दीड मिनिट! मी नाव टाइप केलं, हुकूम मान्य झाला. देवकी, वय एकवीस, मॅट्रिक. मी एकेक माहिती भरत गेलो आणि दीर काठी सोडून माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिला. मग छपाईयंत्र कर्रकर्र वाजायला लागलं. सनईपेक्षा ते कितीतरी सुरात होतं. एक नाव, दोन, पाच, नऊ. पान संपलं, दुसरं सरकलं. पंखा एकदा मंदावला. पुन्हा फिरला. बारा, तेरा, चौदा. मी कागद टर्रकन फाडून घेतला, आणि तो हातात असतानाच पडदा काळा झाला. लाइन गेली होती. माझं घड्याळ अकरा एकोणचाळीस दाखवत होतं.

बाबूलालनं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. शालिकरामजींनी तर उभं राहून. मला माझी महिरप गेल्याचं त्या क्षणी काही म्हणजे काही वाटलं नाही.

दिरानं कागद हातात घेतला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला. त्याच्या डोळ्यांसमोर छापलेला होता; बोलायला जागा नव्हती. "यातल्या अर्ध्यांचे तं लग्न होऊन गेले असतील," तो पुटपुटला.

पंचफुलाबाईनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं बोटानं नावं मोजली, वरपासून खालपर्यंत, एकदा, आणि पुन्हा एकदा. मग कागदाची घडी घालून ती पोलक्यात ठेवली आणि पदर सारखा केला.

"भाऊजी, त्या बिजवराले उद्या नाही म्हणून सांगून द्या."

"आणि हो कोणाले म्हणतं?"

"ते देवकी सांगंल," ती म्हणाली. "चौदा हायेत. तिले सवडीनं वाचू द्या." आणि दिराची वाट न बघता ती बस धरायला निघाली.